साप्ताहिक सभेला माणसं का येत नाहीत: एका जुन्या सेक्रेटरीचं उत्तर

खानापूरकडच्या एका रोटरी क्लबच्या नव्या सेक्रेटरींनी विचारलंय. पटावर ३८ सदस्य, गुरुवारच्या सभेला येतात नऊ-दहा. हॉटेलवाला पंचवीस ताटांच्या हमीवर हॉल देतो, त्यामुळे न आलेल्यांच्या जेवणाचे पैसेही क्लबलाच भरावे लागतात. क्लबच्या बोर्डात, म्हणजे कार्यकारी मंडळात, तीन सूचना आल्यात. गैरहजर राहणाऱ्याला शंभर रुपये दंड लावावा, सभा पंधरवड्यातून एकदा घ्यावी, किंवा वर्षातून तीन-चार सहली काढून फेलोशिप, म्हणजे सदस्यांतला मैत्रीभाव, वाढवावी. यातलं काय करू, असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार सेक्रेटरीसाहेब. माझं पंप-मोटारींचं दुकान आहे आणि निपाणी भागातल्या एका क्लबात मी २४ वर्षं आहे. दोनदा सेक्रेटरी झालो, एकदा प्रेसिडेंट. पुढे आसपासच्या तालुक्यांतल्या पाच-सहा क्लबांत जाऊन बसलो, तिथल्या मंडळींबरोबर याच दुखण्यावर खटपट केली. तुमचा आकडा वाचून धक्का बसला नाही. आमचा आकडा एकेकाळी ४१ पैकी आठ होता.

तिन्ही सूचना एक गोष्ट धरून चालतात: न येणाऱ्या माणसाला यायचा कंटाळा आहे. मला ते पटत नाही. जे नऊ जण येतात त्यांना एकदा विचारून बघा, बाबांनो, तुम्ही का येता? एक म्हणेल, साउंड माझ्याकडे आहे. दुसरा म्हणेल, नाही गेलो तर अण्णांचा फोन येतो. तिसरा आणि चौथा एकाच मोटारसायकलवरून येत असतील. या नऊ जणांची तिथं कोणीतरी वाट बघतं. बाकीच्या २९ जणांपैकी एखादा आज आला नाही, हे सभा संपेपर्यंत कोणाच्या लक्षात तरी येतं का? माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे. हजेरीपटावरची फुली नंतरची गोष्ट.

हे मला शिकवणारी घटना सांगतो. २०१९ चा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा, आमच्याकडे वेदगंगा आणि दूधगंगा, सगळ्या नद्या एकदम चढल्या. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. आमच्या क्लबनं चादरी, बिस्किटं, औषधं गोळा केली आणि आठ दिवस गावोगाव फिरून वाटली. मनापासून केलं, त्यात खोट नव्हती. त्याच दिवसांत आमचा एक सदस्य सलग चार सभांना आला नव्हता. नियमावर बोट ठेवून सेक्रेटरीच्या सहीनं त्याला पत्र गेलं: सलग चार सभांना गैरहजर आहात, खुलासा करावा. सही माझी होती. आठ दिवसांनी त्याची रोटरीची पिन एका पाकिटात माझ्या दुकानावर आली, सोबत चिठ्ठीही नव्हती. नंतर त्याच्या मेहुण्याकडून कळलं की नदीकाठच्या त्याच्या पशुखाद्याच्या गोदामात छातीइतकं पाणी होतं आणि तीन दिवस तो भिजलेली पोती उपसत होता. आमची चादरींची गाडी त्याच्या गोदामापासून दीड-दोन किलोमीटरवरून गेली होती. गाडीत आम्ही सहा जण होतो. त्याचं गोदाम नदीकाठी आहे, हे सहापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. सात वर्षं तो आमच्याबरोबर जेवला होता.

तेव्हापासून हजेरीचा प्रश्न मी वेगळ्या बाजूनं बघतो. आठवड्याची सभा कशासाठी, हेच आम्ही विसरलो होतो.

थोडं मागे जाऊ. रोटरी सुरू करणारा पॉल हॅरिस वकील होता, लहानपण गेलं अमेरिकेत व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड नावाच्या छोट्या गावात. शिकागोत वकिली सुरू केल्यावर ओळखी पुष्कळ झाल्या, पण गावाकडे एकमेकांच्या दारात उभं राहून बोलणारी माणसं असतात तशी मिळेनात. २३ फेब्रुवारी १९०५ ला गस्टेव्हस लोअर या खाण अभियंत्याच्या कचेरीत चौघं बसले: वकील, खाण अभियंता, कोळशाचा व्यापारी आणि शिंपीकाम करणारा व्यापारी. पुढची बैठक दुसऱ्याच्या कचेरीत, त्यापुढची तिसऱ्याच्या. बैठक अशी फिरत राहायची म्हणून नाव पडलं रोटरी. समाजसेवेचं पहिलं काम, शिकागोतलं सार्वजनिक स्वच्छतागृह, १९०७ मधलं. म्हणजे आधी दोन वर्षं माणसं नुसती एकमेकांच्या कामाच्या जागी जाऊन बसत होती. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या पुष्कळ क्लबांत तो उलटा झालाय. प्रकल्प भरपूर, फोटो भरपूर, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं गोदाम कुठे आहे ते माहीत नाही.

आता तुमच्या सूचनांकडे येतो. मात्र काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलतो. तुमचे सदस्य गावातच राहतात की जांबोटी, नंदगड, लोंढा अशा बाजूंनी येतात? जुलैत खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस सुरू झाला की संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्यानं येणं किती अवघड आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. सदस्यांत दुकानदार जास्त की डॉक्टर आणि शिक्षक? दुकानदाराला साडेआठच्या आत शटर ओढणं जड जातं, शिक्षकाला साडेआठ फार उशिराचे वाटतात. उसाचा हंगाम, बाजाराचा वार, लग्नसराई, सगळं बघावं लागतं. बेळगाव शहरातल्या क्लबाचं वेळापत्रक तालुक्याच्या गावाला लावलं की ते बसत नाही. म्हणून आमचा साचा जसाच्या तसा उचलू नका.

दंडाबद्दल मात्र मला शंका नाही. लावू नका. सभेची शिस्त बघणाऱ्या सार्जंटनं हसतखेळत दहा-वीस रुपये घ्यायची जुनी पद्धत आहे, टाय विसरला म्हणून, पेपरात फोटो आला म्हणून. ती समोर बसलेल्या माणसाची लाडकी चेष्टा असते. गैरहजेरीचा दंड निराळा. आम्ही एक वर्ष लावून पाहिला. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी वर्षाचा दंड एकदम भरला आणि यायचं बंद केलं. ज्यांची ओढाताण चालली होती ते दंड साठत गेला म्हणून तोंड चुकवू लागले. दोन्ही प्रकारची माणसं आम्ही स्वतःच्या हातानं दूर केली.

पंधरवड्याची सभा नियमात बसते. रोटरीचे नियम ठरवणाऱ्या कौन्सिल ऑन लेजिस्लेशनच्या २०१६ च्या बैठकीनंतर महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालतं, त्या ऑनलाइन घ्यायलाही हरकत नाही आणि हजेरीचे नियमही क्लबला बरेचसे आपल्या सोयीनं ठरवता येतात. सदस्य लांबून येत असतील तर दोन सभा शहाणपणाच्या. धोका एकच दिसतो. दोनच सभा असल्या आणि एक चुकली की महिनाभर तोंड दिसत नाही, आणि महिन्याच्या खंडानंतर दारातून आत येताना माणसाला संकोच वाटतो. सभा दर आठवड्याला असेल आणि एक गुरुवार चुकला तर इतका संकोच होत नाही. आम्ही मधला मार्ग काढला. महिन्यात दोन सभा रीतसर, एक कोणाच्या तरी कामाच्या जागी, आणि एक कोणाच्या घरी, कुटुंबांसह, नुसत्या चहावर.

कामाच्या जागेच्या सभेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आमचा क्लब सावरला तो तिथून. पुराच्या त्या प्रकरणानंतर आम्ही ठरवलं की वर्षभरात प्रत्येकाची जागा पाहायची. पहिली सभा तंबाखूच्या वखारीत झाली. जन्म निपाणी भागात गेला, पण जर्द्याची प्रत हातात घेऊन कशी ओळखतात हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदा तिथं समजलं. पोत्यांवर बसलो, आणि एरवी सभेत चकार शब्द न काढणारा तो सदस्य तासभर बोलत होता. मग गुऱ्हाळ झालं, दाताचा दवाखाना झाला, छापखाना झाला. एका सदस्याच्या भावाचा बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीचा कारखाना आहे, तिथं रात्री ओतकाम बघायला गेलो. तुमच्याकडे तर खानापूरची माती आहे, कौलांचे आणि कुंभारकामाचे कारखाने आहेत, लाकडाचा धंदा आहे, बासमतीचं शेत असलेला सदस्यही निघेल. हॉल नको, पंचवीस ताटं नकोत. यजमानानं चहा आणि चुरमुरे-मिरची भजी द्यायची, त्याहून जास्त काही करायचं नाही, हा नियम मात्र कडक ठेवा. नाहीतर तिसरा यजमान बासुंदी करतो, चौथा कुंदा मागवतो आणि पाचव्याला आपल्या जागेवर सभा बोलवायची लाज वाटू लागते.

या सभांना हजेरी पहिल्या महिन्यापासून वीसच्या वर गेली. यजमानाला आपण हवे आहोत असं वाटतं, येणाऱ्याला कुतूहल असतं. पुढच्या वेळी कोणी आलं नाही तर त्याचं दुकान कुठल्या गल्लीत आहे हे वीस जणांना माहीत असतं.

रीतसर सभेतलं दुखणं बहुतेक वेळा व्यासपीठावर असतं. घंटा, प्रार्थना, मान्यवरांची ओळख, प्रेसिडेंटचं भाषण, सेक्रेटरीच्या सूचना, वाढदिवस, पाहुण्यांची ओळख, मग पाहुणे, आभार, राष्ट्रगीत. घड्याळ लावून बघा. आमच्याकडे पाहुणे बोलायला उभे राहीपर्यंत ४० मिनिटं गेलेली असायची. व्यासपीठ आम्ही काढून टाकलं. सूचना व्हॉट्सॲपवर. पाहुण्यांना २० मिनिटं, प्रश्नांना दहा. पावणेआठला घंटा, पावणेनऊला राष्ट्रगीत, मग प्रेसिडेंट रस्त्यात अडकला असला तरी. या वेळेच्या शिस्तीचा सर्वांत जास्त फायदा महिला सदस्यांना झाला. १९८९ पर्यंत आपल्याकडच्या रोटरीत बायकांना सदस्यत्वच नव्हतं. आता आहे, पण सभा नऊला सुरू होऊन अकराला संपत असेल तर ते पटापुरतंच राहतं. आमच्या एका डॉक्टरबाईंनी हे तोंडावर सांगितलं, बरं झालं सांगितलं. आज त्यांच्याइतकी नियमित हजेरी दुसऱ्या कोणाची नाही.

सभेआधीची वीस मिनिटं फार मोलाची. पूर्वी जो लवकर येई तो मोबाईल बघत बसे. आता दारात दोघं उभे असतात, दर आठवड्याला वेगळे, त्यातला एक नवा सदस्य. त्यानं प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, नाव विचारायचं, आणि एकटा बसलेला दिसला तर त्याला दुसऱ्याच्या शेजारी नेऊन बसवायचं. नव्या माणसाला महिन्याभरात सगळी नावं पाठ होतात.

आता भाषेबद्दल. आपल्या भागात हा विषय टाळून चालत नाही. एका टेबलावर मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे, लोंढा बाजूचे कोकणी बोलणारे बसतात. कोणी दुखावू नये म्हणून सगळी सभा इंग्रजीत घ्यायची, असा रिवाज बऱ्याच क्लबांत पडलाय. हेतू चांगला आहे. पण इंग्रजीत बोलायची सवय नसलेला माणूस, मग तो लाखोंचा व्यवहार करणारा असो, चार सभा गप्प बसतो आणि पाचव्या सभेला येत नाही. आम्ही ठरवलं की कामकाजाची नोंद इंग्रजीत, बोलणं ज्याला जे जमेल त्यात. कळलं नाही तर शेजाऱ्यानं कानात सांगायचं. मला कन्नड कामापुरतंच येत होतं, आता दारात उभा असलो की ‘बर्री सर’ (या सर) म्हणताना अडखळत नाही, आणि समोरचे गृहस्थ मला ‘या या मामा’ म्हणतात. सीमाप्रश्न सभेत काढायचा नाही, हा संकेत मात्र सगळे पाळतो. १ नोव्हेंबरच्या आठवड्यात सभा रद्द करायचा मोह होतो. एका बाजूला कर्नाटकचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. आम्ही ती सभा एकाही वर्षी रद्द केली नाही. त्या आठवड्यात मधुमेहावर किंवा डोळ्यांवर डॉक्टर बोलवतो आणि सगळे येतात. मला स्वतःला ती वर्षातली सर्वांत महत्त्वाची सभा वाटते.

तिसरी सूचना सहलींची. आधी एक स्पष्ट बोलतो. आपल्याकडे ‘आज फेलोशिप आहे’ म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ग्लास येतो. शब्दाचा अर्थ असा आक्रसलाय याचं मला दुःख आहे. कोणी काय प्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण क्लबची फेलोशिप फक्त बार असलेल्या हॉटेलातच होणार असेल तर न पिणारे, बायका, वारकरी घरातली माणसं आणि खर्च न झेपणारे आपोआप बाहेर राहतात. उरतो तो एक छोटा कंपू, आणि त्या कंपूला वाटतं की क्लबात जिव्हाळा खूप आहे. गोव्याच्या सहलीचंही तेच. चार-पाच हजार रुपये आणि दोन दिवस ज्यांना काढता येतात तेच जातात. काढू नका असं म्हणत नाही. वर्षातून एक काढा, तीही आंबोली किंवा राजहंसगडासारखी सकाळी जाऊन रात्री परत यायची, घरचे डबे घेऊन.

मैत्री जास्त घट्ट होते ती एकत्र काम करताना. पोलिओ रविवारी बस स्टँडवर बूथ लावायचो ते दिवस आठवतात. सकाळी आठपासून बर्फाचा डबा, डोस, पोरांच्या करंगळीवर शाईची खूण. दिवसभर शेजारी उभं राहिल्यावर माणसं आपोआप बोलतात. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि २७ मार्च २०१४ ला आपला सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणी हॉल घेतला नाही की केक कापला नाही. बूथवरचे जुने चौघं बस स्टँडवर जाऊन चहा प्यालो.

आता ज्यावर मी सर्वांत जास्त भर देईन ते. ३८ जणांचे सहा-सातांचे गट करा. गट पाडताना भाषा, वय, धंदा मुद्दाम मिसळा, आणि सहा महिन्यांनी गट बदला, नाहीतर त्यांचेही कंपू होतात. गटप्रमुखाचं काम एकच. आपल्यातला कोणी सभेला आला नाही तर शुक्रवारी सकाळी त्याला फोन. त्या फोनवर हजेरी आणि वर्गणी हे दोन शब्द काढायचे नाहीत. काल दिसला नाहीत, बरं आहे ना, एवढंच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला संशय येतो, हा वर्गणीसाठीच फोन करतोय. तिसऱ्या फोनला तो खरं सांगतो. आमच्याकडे अशा फोनांतून एकाच्या आईचं ऑपरेशन कळलं, एकाचा भाऊबंदकीचा दावा कळला, एकाच्या मुलाला बारावीनंतर काय करावं ते सुचत नव्हतं तेही कळलं. यातल्या प्रत्येक बाबतीत क्लबात मदत करणारा माणूस होताच. क्लासिफिकेशन म्हणून आपण जे म्हणतो, निरनिराळ्या व्यवसायांतली माणसं घ्यायची, त्याचा असा उपयोग मला विसाव्या वर्षी समजला.

आमच्याकडे हे सगळं बसायला दीड वर्ष लागलं. प्रेसिडेंट दरवर्षी १ जुलैला बदलतो, त्यामुळे पुढच्या दोघांना आत्ताच बरोबर घ्या, नाहीतर जुलैत सगळं पुन्हा व्यासपीठावर जाऊन बसेल. आणि सगळे परत येणार नाहीत. आमचे चार जण आले नाहीत. त्यांच्याकडे जाऊन बसलो, त्यांना आता वेळ किंवा इच्छा नव्हती, तर राजीनामे मानानं घेतले. आजही त्यांना कार्यक्रमाचं बोलावणं जातं. वयस्कर सदस्यांसाठी तर नियमातच सोय आहे. वय आणि सदस्यत्वाची वर्षं मिळून ८५ किंवा जास्त होत असतील, आणि सदस्यत्व किमान २० वर्षांचं असेल, तर त्यांनी मागितल्यावर हजेरीतून सूट देता येते. ही सूट द्या, पण त्यांची खुर्ची मांडत जा. सत्तरीतले आमचे एक अण्णा सूट घेऊनही महिन्यातून दोनदा येतात, कारण त्यांना आणायला कोणीतरी जातं.

पिन परत पाठवणारा तो सदस्य क्लबात परत आला नाही. मी दोनदा जाऊन माफी मागितली. दुसऱ्यांदा त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, राग नाही, पण त्या खुर्चीवर आता बसवत नाही. त्याच्या गोदामाचा रस्ता मला आता पाठ आहे. पाऊस चढला की मी त्याला फोन करतो.

तेव्हा बोर्डाला सांगा, दंडाचा ठराव बाजूला ठेवा आणि हॉटेलवाल्याला पुढच्या महिन्यापासून पंचवीस ताटांची हमी नको म्हणून कळवा. हजेरीचं रजिस्टर घ्या. गेल्या सहा महिन्यांत सलग चार सभा चुकलेल्यांची नावं वेगळ्या कागदावर काढा, माझ्या अंदाजानं पंधरा-सोळा निघतील. रोज संध्याकाळी एकाच्या दुकानावर किंवा घरी जा, प्रेसिडेंटना बरोबर घ्या, हातात पावतीपुस्तक नको. पावसाळा तोंडावर आलाय, मलप्रभेकाठची नावं आधी घ्या.